दिवस बुडायच्या आत

१८ सप्टेंबर, गुरुवार

पटकथा पूर्ण. एकशे दहा पानं, ना एक कमी ना एक जास्त. शेवटचं पान छापून हातात आलं तेव्हा स्टाफरूममध्ये एकटीच उभी राहून मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात फिजिक्सच्या मॅडम आत आल्या, म्हणून डास मारल्याचं दाखवलं.

वहीही आजच सुरू. ऑनलाइन पटकथावर्गातल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लेखकानं दैनंदिनी ठेवावी, पुढं सिनेमा गाजला की उपयोगी पडते. वर्ग सहा आठवड्यांचा होता आणि मी तो दोनदा केला. तेव्हा गाजल्यावर वाचणाऱ्यांसाठी: मी ब्राह्मी, वय एकतीस, राहणार बोरगाव, निपाणीच्या कॉलेजात गणित शिकवते.

सिनेमाचं नाव ‘पुढं सरका’. तो कर्नाटकच्या गाडीचा कंडक्टर, ती महाराष्ट्राच्या गाडीची कंडक्टर. दोघांच्या गाड्या निपाणी स्टँडवर रोज सात मिनिटं शेजारी उभ्या राहतात. सगळं प्रेम त्या सात मिनिटांत बसवायचं. पान बाराला भेट, सत्तावीसला वळण, पंचावन्नला मध्यंतर, ब्याऐंशीला गैरसमज, एकशेपाचला कबुली. लोक म्हणतात प्रेमाला गणित नसतं. असतं, लोकांना येत नाही.

संध्याकाळी थोरल्या आप्पांनी होकार दिला. कलगोंडाआप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. अंगण त्यांचं, रान त्यांचं, माणसांना जेवू घालणार तेच, म्हणजे निर्माते तेच. ताटावरून उठता उठता त्यांनी अट घातली.

“पिच्चर कर, माझं काय न्हाय. पर चातुर्मास हाय. माझ्या चुलीवरचं अन्न दिवस बुडल्यावर कुणाला वाढायचं न्हाय. आणि माझ्या अंगणात कुणाला उपाशी ठिवायचं बी न्हाय. समद्यांनी एका पंगतीत बसायचं, दिवस बुडायच्या आत.”

मी म्हटलं, एवढंच ना आप्पा? आमच्या जैन घरात मी जन्मल्यापासून दिवस बुडायच्या आतच जेवतेय. ही काय अट झाली?

२१ सप्टेंबर, रविवार

बेळगावला जाऊन आले. भीमरत्न आवाज धरणार. इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर होतो. पुढं मी गणिताकडं पळाले, तो आवाजाकडं. आता त्याचा बेळगावात छोटा स्टुडिओ आहे. आवाजाच्या बाबतीत तो इतका काटेकोर आहे की लोक त्याला घाबरतात. गेल्या वर्षी एका साखरसम्राटाच्या भाषणाचं रेकॉर्डिंग त्यानं परत पाठवलं होतं, ‘वक्त्याचा आवाज खोटा येतो’ असा शेरा मारून. त्याच्या निळ्या रजिस्टरमध्ये प्रत्येक टेकची नोंद असते: स्वच्छ, अस्वच्छ, विमान, कोंबडा. खोटी नोंद तो करत नाही, कुणी मंत्र्यानं सांगितलं तरी.

पटकथा त्यानं माझ्यासमोरच वाचली. दोन तास. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत बसले होते. पान साठला हसला, तिथं विनोद नाही.

मग म्हणाला, “ह्या दोघांच्यात अडचण काय हाय?”

“गैरसमज. तिला वाटतं त्याचं लग्न ठरलंय.”

“ते एका फोनमधी मिटंल की.”

“ती फोन उचलत नाही. पान ब्याऐंशी ते पंच्याण्णव.”

“ब्राह्मी, खऱ्या माणसांस्नी गैरसमज लागत न्हाईत गं. समदं नीट समजलेलं असतंय, म्हणून तर बोलायला भ्या वाटतंय. ते लिहायचं सोडून तू फोन का बंद पाडलायस?”

मला जरा राग आला. आवाजाच्या माणसानं आवाज बघावा. पण एकशेपाचाव्या पानावरचा कबुलीचा संवाद त्यालाही आवडला नाही, आणि तिथं मला आतून माहीत आहे की तो बरोबर आहे. चौदा वेळा लिहिलाय. सध्याचा असा: “माझ्या गाडीत एक शिट मी कायम रिकामी ठेवलीया, तुझ्यासाठी.” भीमरत्न म्हणाला, “कंडक्टरला स्वतःलाच शिट एक असती.”

निघताना कळलं की त्याला हैदराबादच्या मोठ्या डबिंग स्टुडिओत नोकरी लागलीय. १३ ऑक्टोबरला, सोमवारी हजर व्हायचंय, पण होकार अजून कळवलेला नाही. मी त्याला ठणकावून सांगितलं की अशी संधी परत येत नाही, जा. तो बराच वेळ हेडफोनची वायर गुंडाळत राहिला. वायर आधीच गुंडाळलेली होती.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बस आली. एका शाळेची मोडीत काढलेली गाडी आप्पांनी अंगणात आणून उभी केली आणि लाल रंगवली. सिनेमात गाड्या दोन आहेत आणि आपल्याकडं एक, त्यामुळं डाव्या अंगाला कन्नड पाटी आणि उजव्या अंगाला मराठी पाटी लावली. ही युक्ती माझी. अडचण इतकीच की बाजू बदलायची तर गाडी फिरवायला लागते आणि इंजिन चालत नाही. चौदा माणसं ढकलतात. ढकलताना भीमरत्न रजिस्टरमध्ये लिहितो: ‘श्वास’.

२८ सप्टेंबर, रविवार

पहिला दिवस. मला झोप नव्हती आणि भूक नव्हती, आयुष्यात इतका आनंद मला एकदाच झाला होता आणि तेव्हा मी पहिली आले होते.

कंडक्टर झालाय जोतिबा. बेळगुंदीचा आहे, दूध घालतो, गावच्या नाटकात दरवर्षी राजा होतो. आवाज खणखणीत, पण प्रत्येक वाक्य आभाळाकडं बघून बोलतो. “तिकीट घ्या” असं म्हटल्यावर दोन पोरं खरोखर घाबरली. कंडक्टरीण प्रियदर्शनी, बेळगावच्या बँकेत असते, नाटकात चांगली कामं केलीत. तिची रजा ८ तारखेपर्यंत. त्या दिवशी साडेसहाच्या गाडीनं ती परत जाणार म्हणजे जाणार.

कॅमेरा माझा चुलतभाऊ गोमटेश धरतो. आजवर त्यानं फक्त लग्नं चित्रित केलीत, त्यामुळं कोणी समोर आलं की त्याला म्हणतो, “जरा हसा.” रडण्याच्या दृश्यातही म्हणाला.

जोतिबाला सहज बोलायला शिकवायचं म्हणून दोघांचे संवाद मीच करून दाखवते. भीमरत्न ते सगळं रेकॉर्ड करतो. विचारलं तर म्हणाला, “संदर्भासाठी.” शिस्त असावी तर अशी.

२९ सप्टेंबर, सोमवार

अनर्थ.

कबुलीचं दृश्य सोनेरी उजेडात घ्यायचं हे मी पहिल्यापासून ठरवलंय. बसच्या मागं तंबाखूचं रान, त्यावर तिरपा उजेड, तो म्हणतो, ती हसते, शेवट. तो उजेड सव्वापाचला सुरू होतो आणि सहाला संपतो. आज सरावाला उभे राहिलो. सव्वापाचला जोतिबानं तोंड उघडलं आणि आप्पांनी ताटावर पळी बडवली.

“ऊटा माडरी, जेवायला चला. दिवस चाललाय.”

आठ सेकंदांत माझं युनिट नाहीसं झालं. बस ढकलणारे चौदाजण, जोतिबा, गोमटेश, सगळे पंगतीत. प्रियदर्शनी तेवढी थोडा वेळ माझ्याकडं बघत उभी होती, मग तीही गेली.

वेळापत्रक काढून बघितलं. एका रकान्यात माझ्याच हस्ताक्षरात ‘५.१५ ते ६ सोनेरी उजेड’ आणि शेजारच्या रकान्यात माझ्याच हस्ताक्षरात ‘५.१५ ते ६ जेवण’. सहा वर्षं गणित शिकवतेय. जेवण मी कधी वेळ म्हणून मोजलंच नव्हतं, ते आमच्यात असतंच, वाऱ्यासारखं.

पंगतीत भीमरत्न नेहमीप्रमाणं माझ्या शेजारी बसला. दुसऱ्या दिवशीच्या आवाजाबद्दल बोलायचं असतं म्हणून तो रोज माझ्या शेजारची जागा धरतो. आज नुसता माझ्या ताटात गूळ वाढला.

३० सप्टेंबर, मंगळवार

गोमटेश म्हणाला सूर्य उगवतानाही उजेड सोनेरीच असतो, प्रेक्षकाला काय कळतंय. पटलं. पहाटे पाचला सगळे रानात. नदीकडून असं धुकं आलं की बसही दिसेना. जोतिबानं धुक्यात पूर्ण संवाद म्हटला, फार तळमळीनं. नंतर कळलं तो गोमटेशला म्हणत होता.

भीमरत्नची नोंद: ‘आवाज स्वच्छ. माणूस दिसत नाही.’

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सकाळी उठून बघते तर गोमटेशनं कॅमेऱ्याला हळदीकुंकू लावलेलं, बसला झेंडू, माइकला झेंडू, माझ्या पटकथेवरही झेंडू. आप्पांनी नारळ फोडला आणि जाहीर केलं की पूजलेलं हत्यार आज उचलायचं नाही. मी म्हटलं आप्पा, हा कॅमेरा आहे. ते म्हणाले, “मग? नांगराला येगळा न्याय आणि ह्येला येगळा?”

उद्या दसरा. भीमरत्न निपाणीला जातोय, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाचा आवाज दरवर्षी तोच बघतो. म्हणजे उद्याही सुट्टी. त्याच्याशिवाय चित्रीकरण करता येईल, पण सुचत नाही. शांतता चुकीची वाटते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आप्पांशी भांडले. म्हटलं एक दिवस, फक्त एक दिवस, सहानंतर जेवा. किंवा युनिटला निपाणीच्या हॉटेलात पाठवते.

“हॉटेलात?” आप्पांनी इतक्या हळू विचारलं की मीच घाबरले. “माझ्या अंगणात राबायचं आणि हॉटेलात जेवायचं? ब्राह्मी, तुझा पिच्चर मोडला तर मला वाईट वाटंल. माझं व्रत मोडलं तर मी मोडंन.”

यावर पटकथावर्गात काही शिकवलेलं नाही. खलनायक चांगला माणूस निघाला तर काय करायचं?

दुसरी गोष्ट. भीमरत्नचं काय बिनसलंय ते माझ्या लक्षात आलं. जेवत नाही, बोलत नाही, हैदराबादला उत्तर पाठवत नाही. सगळी लक्षणं पान सत्तावीसची. तो प्रियदर्शनीच्या प्रेमात पडलाय. गोष्ट स्पष्ट आहे. आणि एका परीनं फार उत्तम, कारण ती बेळगावची, तो तिच्यासाठी बेळगावात राहील आणि माझं डबिंग अडणार नाही.

उद्या दोघांना एकत्र आणते. योजना तयार आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

योजना अशी: बसमधल्या शांततेचं एक मिनिट रेकॉर्ड करायचं म्हणून दोघांना आत बसवलं आणि बाहेरून दार लावलं. दार खरंच अडकलं. पंचवीस मिनिटं. मी बाहेर इतकी खूश होते की पुढच्या सिनेमाचं नावही सुचलं.

मात्र आत बसून मला कसंतरी होत होतं. म्हणजे आत ते होते, कसंतरी मला होत होतं. ऊन असावं.

दार उघडल्यावर प्रियदर्शनी खाली उतरली. मी हळूच विचारलं, काय बोलला?

“तुमच्याबद्दल बोलला, मॅडम. तो गेल्यावर तुमचं डबिंग कोण करणार. तुम्ही भुकेल्या असलात की चिडता, तेव्हा तुम्हाला गूळ कोण देणार. पंचवीस मिनिटं हेच.”

म्हटलं, बघा, शेवटच्या क्षणापर्यंत कामाचा विचार करतो. प्रियदर्शनीनं कपाळावर हात मारून घेतला. डोकं दुखत असेल म्हणून मी तिला गोळी दिली.

५ ऑक्टोबर, रविवार

त्यानं होकार कळवला. हैदराबादला जातोय. १२ तारखेची गाडी.

मी अभिनंदन केलं. मग दिवसभर चार जणांवर ओरडले. त्यातला एक बैल होता.

दुपारी बसच्या सावलीत बसून विचारलं, तुझी आई एकदाही शूटिंग बघायला कशी आली नाही? त्याची आई सुलाबाई निपाणीत असते, अंगणवाडीतून निवृत्त झाली. बोरगाव काही लांब नाही.

तो माइकवरची धूळ झटकत होता. “आई तरुणपणी तुमच्या आजोबांच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती. म्हायती हाय न्हवं?”

माहीत होतं. कधी विचार केला नव्हता.

“दुपारची भाकरी भायेर अंगणात लिंबाखाली बसून खायची. आत पंगत बसायची ती घरच्यांची. तिला म्हटलं आता समदे एका पंगतीत जेवत्यात, चल. ती म्हणती, त्या अंगणात माझी जागा लिंबाखाली होती. आता कुठं बसायचं ते मला कळत न्हाय.”

मी लिंब होतं त्या जागेकडं बघितलं. म्हटलं, “लिंब तर कधीच तोडलं.”

तो हसायला लागला. इतका हसला की हेडफोन गळ्यातून पडला. मलाही हसू आलं आणि मग लाज वाटली. माझ्या पटकथेतला गैरसमज, पान ब्याऐंशी ते पंच्याण्णव, मी संध्याकाळी फाडून टाकला. त्या जागी काय लिहायचं ते माहीत नाही. चौदा पानं कमी झाली, पहिल्यांदाच माझं गणित चुकलंय आणि मला त्याचं काही वाटत नाही. रडू मात्र येतंय, ते कशाचं ते उद्या बघते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर ढग. उजेडच नाही, सोनेरी सोडा. आप्पांनी पळी वेळेवरच वाजवली.

उद्या शेवटचा दिवस. कबुली नसेल तर सिनेमा नाही. दोन कंडक्टर शंभर पानं तिकिटं फाडतात आणि घरी जातात. हे बघायला कोण येईल?

८ ऑक्टोबर, बुधवार

घाईत लिहितेय, अक्षराकडं बघू नये. सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या माझा माझ्यावर विश्वास बसणार नाही.

चारला ढग फाटले. पाचला ऊन इतकं सुंदर पडलं की गोमटेश कोणाला हसा म्हणायचं विसरला. सव्वापाचला सगळे जागेवर. जोतिबा आभाळाकडं बघून म्हणाला, “माझ्या गाडीत…” आणि पळी वाजली.

मी हातातली पटकथा भुईवर आपटली. युनिट गेलं. मी बसच्या पायरीवर बसून राहिले. प्रियदर्शनीची गाडी साडेसहाला, ढग परत जमायला लागलेले, भीमरत्न रविवारी जाणार. सगळं एकदमच संपायला आलं होतं.

तेवढ्यात फाटकातून सुलाबाई आत आल्या. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. भीमरत्न उठून उभा राहिला. त्यालाही माहीत नव्हतं. “पोरगं चाललंय,” त्या म्हणाल्या, “निदान काय करतंय ते तरी बघावं.”

अंगणात थांबून त्यांनी चारी बाजूंना बघितलं. जिथं लिंब होतं तिथंही बघितलं. मग सरळ पंगतीच्या मधोमध गेल्या, आप्पांच्या पाटाशेजारी.

“कलगोंडाअण्णा, जरा सरका.”

आप्पा सरकले. सुलाबाई बसल्या. ताट वाढलं गेलं, आणि त्यांनी पिशवीतून एक कांदा काढून पाटाच्या कडेवर ठेवला आणि मुठीनं फोडला.

चातुर्मासात. आप्पांच्या पंगतीत. आमच्या घरात कांदा येतच नाही, चातुर्मासात तर त्याचं नावही कोणी घेत नाही. वाढणाऱ्या काकूंची पळी तशीच वर राहिली. सगळं अंगण गप्प झालं, कोंबड्यासकट.

“कांद्याबिगर मला घास उतरत न्हाय,” सुलाबाई शांतपणे म्हणाल्या. “तुमच्या चुलीवरचा न्हवं. माझा मी आणलाय.”

आप्पांनी कांद्याकडं बघितलं. मग आपलं ताट वीतभर पलीकडं ओढलं, पण उठले नाहीत.

“मीठ आणा त्यास्नी,” ते म्हणाले. “नुसता कसा खातील?”

पंगत परत सुरू झाली. आणि गोमटेश माझ्याजवळ येऊन कुजबुजला, “आक्का, आपण रानात काय शोधतोय? लाईट हिथं हाय की.”

मी वर बघितलं. सबंध पंगतीवर तिरपा उजेड पडला होता. पितळी तांब्यांवर, भाकरीच्या वाफेवर, आप्पांच्या पांढऱ्या मिशांवर, सुलाबाईंच्या हातातल्या कांद्यावरसुद्धा. आणि माझ्या डोक्यात लखकन आलं की हा उजेड मी रानात कधी बघितलाच नव्हता. लहानपणापासून दिवस बुडायच्या वेळी मी जेवत असते. सोनेरी उजेड मला ताटातलाच माहीत होता.

“कॅमेरा इकडं,” मी ओरडले. “कोणी उठायचं नाही. जेवत राहा.” कंडक्टर आणि कंडक्टरीण पंगतीत शेजारी शेजारी, गणवेशात. मागं बस. तो घास मोडता मोडता बोलणार. आप्पांना विचारलं, चालेल? ते म्हणाले, “जेवताना बोलू नये. पर बोलत्यात समदेच.”

जोतिबानं घास गिळला, आभाळाकडं बघितलं आणि राजासारखा गरजला. आप्पांच्या ताटातली आमटी हलली.

“तसं नाही जोतिबा. आभाळाला नाही सांगायचं. शेजारच्या माणसाला सांगायचं. बघ, मी दाखवते.”

मी पंगतीत बसले, माझ्या रोजच्या जागेवर. शेजारी भीमरत्न होता, हेडफोन कानाला, माइक तांब्याच्या आड धरलेला. मी त्याच्याकडं वळले. “माझ्या गाडीत एक शिट…” म्हणाले आणि पुढचं येईना. चौदा वेळा लिहिलेलं वाक्य पुढं सरकेना. भीमरत्न वाट बघत होता. त्याच्या हातात गुळाचा खडा होता, मला द्यायचा म्हणून धरलेला.

मी म्हटलं, “रविवारी जाऊ नको. तू गेल्यावर मी कुणाशेजारी जेवू?”

कुठल्याच पानावर नव्हतं हे. माझ्याच तोंडून माझ्याच कानांनी ऐकलं, आणि तेव्हा मला कळलं. एकतीस वर्षांची बाई, दोनदा पटकथेचा वर्ग केलेली.

भीमरत्ननं हेडफोन काढला नाही. डोळे मिटले होते. “आवाज नीट न्हाय आला,” तो म्हणाला. “परत एकदा.”

मी परत म्हटलं.

“कुणाच्यातरी भाकरीचा आवाज आला मधी. परत.”

तिसऱ्यांदा मी ओरडलेच. “जाऊ नको म्हणतेय ना रं, बहिरा आहेस का?” सगळी पंगत थांबली.

सुलाबाई कांदा चावत म्हणाल्या, “आता मला बी ऐकू आलं.”

“समजलं आक्का,” जोतिबा एकदम म्हणाला. “आता समजलं.” तो प्रियदर्शनीकडं वळला, आणि आपला राजा बेळगुंदीला ठेवून, साध्या आवाजात म्हणाला, “तू उद्या दुसऱ्या मार्गाला गेलीस, तर मी कुणाशेजारी जेवू?” प्रियदर्शनी हसली आणि तिच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. एकाच टेकमध्ये झालं. गोमटेश म्हणाला, “लाईट गेली,” आणि गेलीच.

आप्पा हात धुऊन आले. माझ्याकडं नाही, भीमरत्नकडं नाही, सुलाबाईंकडं बघून म्हणाले, “चातुर्मास संपू दे. मग मी निपाणीला येऊन जातो. कांदा खाणार न्हाय, पर येऊन जातो.”

“या की. च्या करीन,” सुलाबाई म्हणाल्या. “पर मी अजून व्हय म्हटलेलं न्हाय अण्णा. पोरगीला सैपाक येतोय का ते इचारायचं हाय मला. आणि कांदा चिरता येतोय का ते बी.”

येत नाही. उद्यापासून शिकते. कुठं शिकायचं ते बघायला लागेल, घरात तर शक्य नाही.

प्रियदर्शनीची साडेसहाची गाडी चुकली. ती म्हणाली, अकरा दिवस ह्या सीनची वाट बघत होते, मॅडम. मी म्हटलं, तुमचा झाला की एका टेकमध्ये. ती म्हणाली, आमच्या नाही, तुमच्या सीनची.

१२ ऑक्टोबर, रविवार

परवापासून कॉलेज सुरू झालंय. पोरांना संभाव्यता शिकवताना मधेच हसले, तर मागच्या बाकावरचा एक म्हणाला, मॅडम आज बऱ्या आहेत.

भीमरत्ननं हैदराबादला तीन महिन्यांची मुदत मागितली, ‘पुढं सरका’चा आवाज पूर्ण करायचाय म्हणून. त्यांनी दिली. तीन महिन्यांनंतरचं काय ते ठरलेलं नाही. त्या दिवशी माहेरी गेलेल्या माझ्या आईला मी काल सांगितलं. आई दोन तास देवासमोर बसली आणि बाहेर येऊन फक्त एवढंच म्हणाली की लोक बोलतील. बोलतील, मला माहीत आहे. मला भीतीही वाटते. पण ही अडचण कुठल्या फोननं मिटणारी नाही, त्यामुळं फोन बंद पाडायची गरज नाही, आणि आम्ही रोज दोन तास बोलतो.

आज त्यानं निळं रजिस्टर पाठवून दिलं, टेक जुळवायला. दुपारभर जुळवत बसले. कोंबडा, श्वास, माणूस दिसत नाही. मग शेवटचं पान आलं. ८ ऑक्टोबर, पंगत. त्याच्या बारीक, सरळ अक्षरात:

‘टेक १, ब्राह्मी. स्वच्छ.
टेक २, ब्राह्मी. स्वच्छ.
टेक ३, ब्राह्मी. स्वच्छ. ओरडा. तिन्ही ठेवणे.’

मी हेडफोन लावून पहिला टेक ऐकला. माझा आवाज, मागं चिमण्या, एकही भाकरी नाही. मंत्र्यालाही खोटी नोंद न देणारा माणूस माझ्याशी भर पंगतीत दोनदा खोटं बोलला होता.

पाच वाजत आलेत. फाटकाशी त्याची गाडी थांबल्याचा आवाज आला. रजिस्टरमध्ये पेन्सिलीनं खाली एक ओळ लिहिली, ‘टेक ४, आज, सव्वापाचला’, आणि आता उठते, पळी वाजेल.